चेसिस नंबर आधी, टोकन नंतर

ऑक्टोबर २०२४ मध्ये होंडा कार्स इंडियाने आपल्या ९०,४६८ गाड्या इंधनपंप बदलून देण्यासाठी परत बोलावल्या. पंपातला इम्पेलर सदोष निघाला होता. त्यामुळे इंजिन चालता चालता बंद पडण्याची किंवा सुरूच न होण्याची शक्यता होती. सिटी, अमेझ, जॅझ, डब्ल्यूआर-व्ही, बीआर-व्ही, ब्रिओ अशी यादी, आणि गाड्या बहुतेक २०१७-१८ साली बनलेल्या. पंप मोफत बदलून मिळणार होता. वर्तमानपत्रांत बातमी चार ओळींची आली आणि विरली. तिच्यातला एक आकडा फारसा कुणाच्या डोळ्यांत भरला नसावा. या नव्वद हजारांत २,२०४ गाड्या अशा होत्या, की कारखान्यातून निघताना त्यांच्यात हा पंप नव्हताच. तो मागाहून, दुरुस्तीच्या वेळी सुटा भाग म्हणून बसवला गेला होता.

सहा-सात वर्षं हे आपल्याकडे गाडीचं पहिल्या मालकाच्या हातून निघण्याचं वय. कंपनीचा एसएमएस किंवा फोन जातो तो तिच्या दप्तरातल्या नंबरावर, आणि तो नंबर पहिल्या मालकाचा असतो. ‘ती गाडी विकली हो कधीच’ एवढं सांगून तो मोकळा होतो. नवा मालक ओळखीच्या गॅरेजात सर्व्हिसिंग करून घेतो, त्यामुळे शोरूमच्या संगणकावर ती गाडी पुन्हा उमटत नाही. दोष गाडीत तसाच राहतो, दुरुस्ती फुकट मिळत असते, आणि दोघांची गाठ पडत नाही.

जुन्या गाडीच्या बाजारात दिवसभर एकच प्रश्न विचारला जातो: ‘कोणती गाडी चांगली?’ स्विफ्ट की आय-ट्वेंटी, इनोव्हा की एर्टिगा, यावर चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या पार्किंगपर्यंत प्रत्येकाचं मत तयार असतं. पण आपण मॉडेल विकत घेत नसतो, समोर उभी असलेली एकच गाडी घेत असतो. नावाजलेली गाडी वाईट हाती पडून कामातून गेलेली असू शकते, आणि जिच्याकडे बाजार नाक मुरडतो ती एखाद्या निगुतीने वापरणाऱ्या माणसाकडे ठणठणीत मिळते. चौकशी मॉडेलची आणि त्या एका गाडीची, दोन्हींची करावी, पण वेळ जास्त द्यावा तो ‘समोरची ही गाडी चांगली का?’ या दुसऱ्या प्रश्नाला. रिकॉल म्हणजे दोषापायी कंपनीने गाड्या परत बोलावणं. तो या दोन्हींच्या मधोमध येतो: दोष मॉडेलचा, पण तो दुरुस्त झाला की नाही हे त्या एका गाडीपुरतं.

आपल्याकडे हे प्रकरण तसं अलीकडचं. अमेरिकेत यासंबंधीचा कायदा १९६६ सालचा आहे. भारतात जुलै २०१२ मध्ये ‘सियाम’ या वाहन उत्पादकांच्या संघटनेने ऐच्छिक संहिता आणली. कंपन्यांनी दोष आपणहून जाहीर करावा, एवढंच तिचं बळ. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत ११० अ हे कलम आलं आणि रिकॉलचा आदेश देण्याचा अधिकार सरकारला मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. पण हा सक्तीचा रिकॉल सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरता आहे. शिवाय वर्षाला दहा हजारांहून जास्त खपणाऱ्या मोटारीबाबत १,२५० तक्रारी जमल्याशिवाय सरकारी चक्र फिरत नाही. दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत, म्हणजे मोठ्या कंपनीला एका दिवसाच्या जाहिरातीइतकाही नाही. मला हे नियम फार मवाळ वाटतात. आजवर आपण वाचलेल्या मोठ्या रिकॉलच्या बातम्या जवळजवळ सगळ्या कंपन्यांनी स्वतःहून केलेल्या आहेत. त्यांत सातहून जास्त वर्षांच्या गाड्याही येतात, ही त्यातल्या त्यात बरी बाजू.

त्या बातम्यांवरून नजर फिरवली की दोषांचे प्रकार किती निरनिराळे असतात ते दिसतं. जुलै २०२० मध्ये मारुती सुझुकीने १,३४,८८५ वॅगन-आर आणि बलेनो इंधनपंपासाठी बोलावल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये सियाझ, एर्टिगा, व्हिटारा ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल-६ च्या १,८१,७५४ पेट्रोल गाड्या मोटर जनरेटर युनिटसाठी बोलावल्या. भाग बदलून मिळेपर्यंत पाणी साचलेल्या रस्त्यावरून गाडी नेऊ नका आणि विजेच्या भागांवर थेट पाणी मारू नका, असंही ग्राहकांना सांगितलं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये महिंद्राच्या १,०८,३०६ एक्सयूव्ही-७०० गाड्यांत इंजिनाच्या कप्प्यातली वायर घासून कापली जाण्याचा धोका निघाला. त्याच्या महिनाभर आधी मारुतीच्या एस-प्रेसो आणि ईकोच्या ८७,५९९ गाड्या स्टिअरिंगच्या टाय रॉडसाठी परत गेल्या होत्या. कियाच्या ४४,१७४ कॅरेन्समध्ये २०२२ साली प्रश्न होता तो एअरबॅगच्या नियंत्रकातल्या सॉफ्टवेअरचा. आणि २०२० मध्ये ४०,४५३ ईको गाड्या परत बोलावल्या गेल्या, कारण हेडलॅम्पवर असायला हवी ती प्रमाणित खूण उमटलेली नव्हती.

‘रिकॉल आलेली गाडी नको रे बाबा’ असं म्हणणाऱ्याने टाय रॉड आणि हेडलॅम्पची खूण एकाच पारड्यात घातलेली असते. रिकॉल हा गाडीवरचा डाग नव्हे. ज्या कंपनीच्या नावावर एकही रिकॉल नाही तिच्या गाड्या निर्दोष असतात असंही नाही. कदाचित तिने तोंड उघडलं नसेल. खरेदीदाराला धोका रिकॉल आल्याचा नसतो, तो अपुरा राहिल्याचा असतो.

यातलं सगळ्यात जीवघेणं उदाहरण ताकाता एअरबॅगचं. या जपानी कंपनीच्या एअरबॅगमध्ये फुगवणारा वायू तयार करण्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरलं होतं. उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहून हे रसायन बिघडतं. मग अपघाताच्या क्षणी पिशवी फुगण्याऐवजी धातूचं कवचच फुटतं आणि त्याचे तुकडे माणसाच्या मानेत, छातीत घुसतात. जगभर कोट्यवधी गाड्या त्यापायी परत बोलावल्या गेल्या. मोटारींच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा रिकॉल ठरला, आणि ताकाता २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. अमेरिकेत फ्लोरिडासारख्या दमट किनारी राज्यांना इन्फ्लेटर, म्हणजे वायू तयार करणारा हा भाग, बदलण्यात प्राधान्य मिळालं, कारण दमट हवेत धोका लवकर वाढतो. आपल्याकडेही होंडाने जानेवारी २०१७ मध्ये ४१,५८० गाड्या यासाठी बोलावल्या, त्याआधी आणि नंतरही टप्प्याटप्प्याने बोलावल्या. टोयोटाच्या कोरोला अल्टिसचाही नंबर लागला होता. आता विचार करा: त्या काळातल्या सिटी, सिव्हिक, अल्टिस आज अगदी स्वस्तात मिळतात, तरुण मुलं हौसेने घेतात. आणि मुंबई, रत्नागिरी, मालवण, पणजी इथली हवा वर्षातले कित्येक महिने अंगाला चिकटते. किनाऱ्यावर वाढलेली अशी गाडी घेताना एअरबॅगचा इन्फ्लेटर बदलल्याची नोंद दिसली नाही, तर मी सौद्याचं बोलणंच थांबवेन.

नोंद मिळवायची कशी, तर चेसिस नंबरावरून. आरसीवर असतो तो, आणि गाडीवर कोरलेला असतो तोही. दोन्ही ताडून पाहायचे. सतरा अक्षरं-अंक असतात. मारुतीचा बहुधा एमए-थ्रीने सुरू होतो, ह्युंदाईचा एमएएलने, होंडाचा एमएकेने, टाटाचा एमएटीने. दहावं अक्षर सामान्यतः निर्मितीचं वर्ष सांगतं: जे म्हणजे २०१८, के २०१९, एल २०२०, एम २०२१, आणि असंच पुढे. रिकॉल निर्मितीच्या तारखांवर ठरतो, नोंदणीच्या नव्हे. डिसेंबरात बनलेली गाडी मार्चमध्ये पासिंग होते आणि मालक ‘माझी २०१९ ची आहे, त्या यादीत नाही’ असं अगदी प्रामाणिकपणे सांगतो.

बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकून रिकॉल तपासता येतो. सियामच्या संकेतस्थळावरही ऐच्छिक रिकॉलची माहिती एकत्र ठेवलेली असते. तरी सगळ्यात पक्कं उत्तर अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मिळतं. सल्लागाराने नंबर टाकला की ‘कॅम्पेन पेंडिंग’ आहे की ‘डन’, हे पडद्यावर दिसतं. तिऱ्हाइताला तो सहसा सांगत नाही, म्हणून विक्रेत्याला सोबत न्यावं किंवा त्याच्या फोनवरून विचारून घ्यावं. काम झालंय असं विक्रेता म्हणाला तर जॉब कार्ड मागावं. झालेलं नसेल तर टोकनाआधी विक्रेत्यालाच करून आणायला सांगावं, कारण पैसे पडत नाहीत. मालक कितवा, याने कंपनीला फरक पडत नाही. गाडी नावावर झाली की त्याच काउंटरवर आपला मोबाइल नंबर नोंदवून टाकावा, म्हणजे पुढचा निरोप आपल्याला येईल.

यात एक गट अडचणीत आहे. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये शेवरोलेची देशातली विक्री थांबवली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. दोघांच्याही खात्यावर मोठे रिकॉल आहेत: २०१३ मध्ये १.१४ लाख टवेरा उत्सर्जनाच्या प्रश्नावरून, आणि त्याच वर्षी फोर्डच्या १,६६,०२१ फिगो व फिएस्टा. अशा गाड्या स्वस्त असतात आणि इकोस्पोर्टसारखी गाडी चालवायला आजही झकास वाटते. पण सुटे भाग कुठून येतील आणि तुमच्या गावाच्या आसपास कोण हात लावेल, याचं उत्तर घेऊनच तिच्याकडे वळावं.

मॉडेल किती टिकाऊ, हे ठरवायला परदेशात भरपूर आकडे मिळतात. जर्मनीत गाडीची पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी होते. त्या लाखो तपासण्यांवरून दरवर्षी ‘ट्यूफ’ या तपासणी संस्थेचा अहवाल निघतो, कोणत्या वयाच्या कोणत्या मॉडेलमध्ये किती टक्के गाड्यांत गंभीर दोष सापडले याचा. ब्रिटनमध्ये तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी एमओटी तपासणी असते. गाडीचा नंबर टाकला की प्रत्येक तपासणीचा निकाल आणि त्या दिवशीचं मीटरचं वाचन कुणालाही फुकट पाहता येतं. जुन्या गाडीतली निम्मी फसवणूक त्या एका पानाने मरते. अमेरिकेत ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ आपल्या सदस्यांकडून बिघाडांची माहिती गोळा करतं.

आपल्याकडे खासगी मोटारीची फिटनेस तपासणी थेट पंधराव्या वर्षी, नोंदणीच्या नूतनीकरणाला. मधल्या काळात पीयूसी, आणि ती कशी मिळते ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे कोणत्या गाडीचा गिअरबॉक्स किती हजारांवर जातो, याची सार्वजनिक आकडेवारीच तयार होत नाही. ती पोकळी आपण रिसेल व्हॅल्यूने भरून काढतो, पण रिसेलवर सर्व्हिस सेंटरचं जाळं, मायलेज आणि सवय यांचा प्रभाव यंत्राच्या टिकाऊपणाइतकाच असतो. भारत एनकॅपचे तारेही इथे कामाचे नाहीत. ते अपघातातली सुरक्षितता मोजतात, पाचव्या वर्षी क्लच टिकेल का हे नाही.

मग मॉडेलची विश्वासार्हता कुणाला विचारायची? मी मेकॅनिकला विचारतो, आणि तेही ‘ही गाडी कशी?’ असं नाही. ‘ऐंशी हजारांवर हिचं काय निघतं आणि खर्च किती येतो?’ असं विचारलं की उत्तर नेमकं येतं. इंजिन-गिअरबॉक्सची जोडी धरून विचारावं, कारण एकाच नावाखाली चार वेगळी यंत्रं विकलेली असतात. फोक्सवॅगन समूहाचा सात गतींचा ड्राय क्लचवाला डीएसजी गिअरबॉक्स हे ठळक उदाहरण. चीनमध्ये २०१३ साली त्यासाठी ३,८४,१८१ गाड्यांचा रिकॉल करावा लागला. त्याच समूहाच्या साध्या मॅन्युअल गाड्यांना त्या दुखण्याशी देणंघेणं नाही. ‘जर्मन गाड्या खर्चिक’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी, हे नवं प्रकरण आलं. जी गाडी रोज चार किलोमीटर शाळा-मंडई एवढीच धावते, तिचा डीपीएफ तुंबतो. कमी चाललेली डिझेल म्हणजे चांगली डिझेल, हा हिशेब आता उलटा झाला आहे.

आता त्या एका गाडीकडे. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, विमा आणि पीयूसीची मुदत, कर्जाचा बोजा ही माहिती निघते. मालक कितवा, ते आरसीवर पाहावं. ‘सिंगल हँड’ म्हणून जाहिरात केलेल्या कितीतरी गाड्या इथेच तिसऱ्या हातच्या निघतात. बँकेचं नाव दिसत असेल तर कर्ज फिटल्याची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर ते आरसीवर चढलेलं हवं आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट झालेली हवी. चलनं राज्य वाहतूक पोलिसांच्या ॲपवर दिसतात. त्यासाठी चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात. टॅक्सी पासिंगची गाडी खासगी करून विकलेली असू शकते. आरसीचा इतिहास विचारावा, आणि नंबरप्लेटच्या कडेला जुना पिवळा रंग उरलाय का हेही पाहावं.

दिल्ली पासिंगची डिझेल गाडी इथल्यापेक्षा फार स्वस्त दिसते. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी आणली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली, आणि मालक वय भरण्याआधीच गाड्या बाहेर काढू लागले. गाडी वाईट असेलच असं नाही, पण एनओसी, इथला कर आणि नवं पासिंग यांचा खर्च धरूनच स्वस्ताई मोजावी.

विम्याच्या पॉलिसीत एक फार बोलका आकडा असतो: नो क्लेम बोनस. पहिलं वर्ष दावा न करता गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. पाच वर्षांच्या गाडीच्या चालू पॉलिसीत तो शून्य किंवा वीस असेल, तर गेल्या एक-दोन वर्षांत काहीतरी झालेलं आहे. पॉलिसी मध्ये खंडित झाली असेल तरीही तो शून्यावर येतो, म्हणून थेट आरोप करू नये, कारण विचारावं. ‘एक बंपर बदलला होता’ म्हणाले तर दाव्याची कागदपत्रं मागावीत. बंपरचा दावा आणि दीड लाखाचा दावा कागदावर सारखे दिसत नाहीत.

मीटर मागे घेणं हा धंदा मोडलेला नाही. डिजिटल मीटरमुळे तो उलट सोपा झाला, लॅपटॉप जोडला की अर्ध्या तासाचं काम. पण किलोमीटरची नोंद डॅशबोर्डबाहेरही राहते. सर्व्हिस सेंटरच्या प्रत्येक जॉब कार्डावर असते, बॅटरीच्या वॉरंटी कार्डावर असते, आणि अनेक गाड्यांत इंजिनाच्या, गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमध्येही असते, जिथपर्यंत स्वस्तात मीटर फिरवणारा पोचत नाही. चांगला स्कॅनर ते वाचतो. टायरवरचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी २०१९ ची, मीटर अठ्ठावीस हजारांचं आणि चारही टायर २०२२ चे असतील, तर पहिले टायर एवढ्यात कसे संपले हा प्रश्न विचारल्यावर समोरच्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

पुरातल्या गाडीबद्दल महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, जुलै २०२१ मध्ये चिपळूण. अशा प्रत्येक पुरानंतर विमा कंपन्या दुरुस्तीचा खर्च विमामूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेलेल्या गाड्या टोटल लॉस धरतात. त्या भंगाराच्या भावात लिलावात जातात, आणि त्यांतल्या काही धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात पुन्हा विक्रीला उभ्या राहतात. वरून कीर्तन, आतून तमाशा. अशी गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा. एरवी गुंडाळलेल्या भागावर मातीची कड असते, ती धुणाऱ्याच्या हाताला लागत नाही. पुढच्या सीटखाली मोबाइलचा उजेड टाकून सीटच्या रुळांचे बोल्ट आणि पिवळे कनेक्टर पाहावेत. हे कनेक्टर एअरबॅगचे असतात, आणि पाण्यात राहिले की पितळी टोकांवर हिरवट गंज चढतो. स्टेपनी काढून तिच्या खड्ड्यातला गाळ पाहावा. दारापाशी कार्पेट उचलून खालच्या फोमला हात लावावा. आणि गाडीत पाऊल टाकताच सुगंधी फवाऱ्याचा भपका आला तर काचा लावून, एसी बंद ठेवून पाच मिनिटं आत बसावं. कुबट वास वर येतोच.

अपघाताची गाडी डेंटिंग-पेंटिंगने झाकता येते, पण बोनेटखालच्या अ‍ॅप्रनवरचे कारखान्यातले स्पॉट वेल्ड हाताने हुबेहूब होत नाहीत. बिजागरीच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर पाना लागलेला आहे. सगळ्या काचांवर एकाच सुमाराची तारीख हवी. आणि एअरबॅगचा दिवा पाहायला विसरू नये. चावी फिरवली की तो पेटायला हवा आणि काही सेकंदांत विझायला हवा. पेटून राहिला तर दोष आहे. मुळीच पेटला नाही तर जास्त वाईट, कारण एकदा फुटलेली एअरबॅग परत न बसवता कुणीतरी दिवाच तोडलेला असतो. दुरुस्तीतली ही लबाडी मला मीटर मागे घेण्यापेक्षा गंभीर वाटते, तिथे पैसे नव्हे, जीव जातो.

इंजिनासाठी आपला, म्हणजे विक्रेत्याच्या ओळखीतला नसलेला, मेकॅनिक न्यावा आणि सकाळी लवकर जावं. पोचल्या पोचल्या बोनेटला हात लावावा. गरम लागलं तर गाडी आपल्यासाठी आधीच चालू करून ठेवलेली आहे. थंड इंजिनचा पहिला स्टार्ट, त्या वेळचा आवाज आणि सायलेन्सरचा धूर यांत निम्मी हकिकत असते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. मग इंजिन तापल्यावर मेकॅनिक ऑइल भरायचं झाकण उघडतो आणि तेच उलटं करून तोंडावर ठेवतो. झाकण शांत राहिलं तर ठीक. थडथड उडू लागलं, खालून धुराचे झोत आले, तर तो मान हलवतो: ‘साहेब, बॅक कॉम्प्रेशन मारतंय.’ म्हणजे पिस्टनच्या रिंगा संपल्यात आणि इंजिन उघडावं लागेल. हे दृश्य पाहिल्यावर किंमत पाडून मागायचा मोह होतो. माझं मत, निघून यावं.

प्रमाणित जुन्या गाड्यांचं काय? ट्रू व्हॅल्यू, एच-प्रॉमिस, यू-ट्रस्ट यांसारख्या कंपन्यांच्या दालनांचा खरा फायदा असा, की त्याच कंपनीच्या गाडीचा सर्व्हिसचा इतिहास त्यांच्याच संगणकात असतो. ऑनलाइन विक्रेते दोनशे मुद्द्यांच्या तपासणीची यादी दाखवतात. ती तपासणी त्या दिवशीची अवस्था सांगते, इतिहास नाही. कुठेही घ्या, ‘प्रलंबित रिकॉल नाही’ हे वाक्य लेखी मागा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी आरटीओकडून अधिकृतता घेण्याचा नियम आहे. गाडी त्यांच्या ताब्यात असताना ते मालक मानले जातात. तो परवाना दाखवा म्हणायला संकोच करू नये.

इलेक्ट्रिक गाडीत सगळा सौदा बॅटरीभोवती फिरतो. तिची शिल्लक क्षमता अधिकृत केंद्रात मोजून घ्यावी आणि वॉरंटीची कलमं वाचावीत. काही कंपन्यांची ‘आयुष्यभराची’ बॅटरी वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच असते.

इथून अमेरिकेत शिकायला गेलेली मुलं पहिल्याच वर्षी जुनी कोरोला किंवा सिव्हिक घेतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. तिथल्या महामार्ग सुरक्षा विभागाच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर सतरा अंकी नंबर टाकला की प्रलंबित रिकॉल फुकट दिसतो. भाड्याने गाड्या देणाऱ्या मोठ्या कंपन्यांना २०१६ पासून प्रलंबित रिकॉलची गाडी भाड्याने देता येत नाही. जुन्या गाड्यांच्या डीलरला मात्र ती विकायला तिथला संघीय कायदा आडकाठी करत नाही. तिथेही तपासायचं ते तुम्हीच.

सौदा ठरला की नाव बदलण्यात आळस नको. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताची जबाबदारी त्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. त्यामुळे फॉर्म २९ आणि ३० ची घाई विकणाऱ्यालाही असायला हवी. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज चौदा दिवसांत करायचा असतो. नो क्लेम बोनस मात्र गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाकडेच राहतो.

आणि या सगळ्याच्या आधी, गाडी पाहायला निघण्यापूर्वी, विक्रेत्याकडे चेसिस नंबर मागा. फोनवर वाचून दाखवायला किंवा आरसीचा फोटो पाठवायला त्याला दोन मिनिटं लागतात. तो टाळाटाळ करू लागला तर त्या गाडीसाठी पेट्रोल जाळून जाऊ नका.